स्टेशन नंबर तीन उत्तर देत नाही

१६ ऑक्टोबर १९८३, रविवार. दसरा. सकाळी १०.२०

आज मुहूर्तावर निर्णय. घरात इंटरकॉम बसवणार. आमच्या टिमकी मोहल्ल्यात कोणाकडे नाही. इतवारीतल्या शेठ लोकांकडेही नसावा.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी शंका काढायला नको. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. अंगणापलीकडे, जिथे पूर्वी आमचा माग होता, त्या खोलीत असतात. गुडघे गेले. काही लागलं की मागावरचा जुना लाकडी धोटा घेतात आणि पलंगाजवळच्या टिनावर ठोकतात. ठक ठक ठक. सगळा मोहल्ला ऐकतो. टेलिफोन खात्यात एकोणतीस वर्षं काढून रिटायर झालेल्या माणसाच्या घरात हे शोभत नाही.

मी स्टोअर्समध्ये होतो, हे खरं. पण वायर कोणी जोडली याला महत्त्व नसतं. वायर इश्यू कोणी केली, याला असतं.

सौ. पुष्पलता बाबांना मामाजी म्हणते. म्हणाली, "मामाजींले काय पाहिजे ते पाहाले कोणी उठून गेलं तरी होते." तिला टेक्निकल बाजू समजत नाही. नाराज नाही. कोणत्याही नव्या गोष्टीला घरातून विरोध होतोच.

२३ ऑक्टोबर, रविवार

वायरिंग पूर्ण. हाताचं काम गोळीबार चौकातल्या ओमप्रकाशनं केलं. रेडिओ दुरुस्त करतो, बोलतो कमी. डोकं माझं. मी खुर्चीवरून सूचना देत होतो.

रचना अशी. मेन सेट बैठकीत, माझ्या टेबलावर. स्टेशन नंबर एक स्वयंपाकघर. दोन, धाकटा भाऊ जागेश्वर आणि त्याची बायको मैना यांची खोली. तीन, बाबा. सगळ्यांना करंट माझ्या टेबलाखालच्या एलिमिनेटरच्या डब्यातून. कोणालाही कोणाशी बोलायचं असेल तर आधी मला बझर द्यायचा, मी बटण दाबून जोडून देणार.

ओमप्रकाश म्हणाला, "साहेब, तिघांले डायरेक्ट जोडलं तर सोपं होईल. तुमचा त्रास वाचंल." मी हसलो. मग मेन सेट कशाला म्हणायचं त्याला?

३० ऑक्टोबर, रविवार. दुपारी १२.१५

उद्घाटन झालं. नारळ जागेश्वरनं फोडला. बाबांच्या खोलीतून धोटा काढून घेतला आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोन पद्धती एकाच वेळी चालल्या तर माणसं जुन्याकडेच जातात. हा अनुभव आहे.

१२.०५ ला स्टेशन तीनकडून पहिला बझर. ऐतिहासिक. उचलला. बाबा म्हणाले, "केशव, माहा धोटा कुठं गेला गा?"

मी म्हटलं, बाबा, आता धोट्याचं काम नाही. फोन उचला, मी आहेच.

४ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवाळी

पहाटे पाचला तिन्ही बटणं एकदम दाबून अभ्यंगस्नानाचा क्रम जाहीर केला. नंतर फराळ, फटाके आणि ओल्या अंगणात वायर कशी सांभाळायची यावर थोडक्यात बोललो. पस्तीस मिनिटं. कोणी मध्ये एक शब्द बोललं नाही. लाईन इतकी स्वच्छ.

हे रोज करावं. सकाळी पावणेसहा, "घरचं निवेदन".

९ नोव्हेंबर, बुधवार

शिस्तीचे प्रश्न येत आहेत. बाबा दिवसातून दहा-दहा वेळा फोन करतात. काम काही नसतं. "काय करून राहिला गा?" "जेवला का?" "बाहेर ऊन आहे का?" आज विचारलं, "तुह्या आईचं ते मोरपंखी लुगडं मीच विणलं होतं न, का माह्या धाकट्या भावानं?" लाईन अडकून राहते. त्यांना समजावलं. बाबांची वेळ ठरवली: सकाळी ११.१५ ते ११.२०. पाच मिनिटं भरपूर होतात, मुद्द्याचं बोललं तर.

मात्र त्यांचा एकटेपणा मला कळतो. म्हणून दुपारी मी स्वतःहून त्यांना फोनवरून पेपर वाचून दाखवतो. त्यानंतर स्टोअर्समधले माझे अनुभव सांगतो. आज १९६४ चं स्टॉक व्हेरिफिकेशन सुरू केलं. दीड तास. बाबांसारखा श्रोता नाही. हूं की चूं नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

मैना (दोन) हिनं सौ.ला (एक) मागितलं. जोडून दिलं. आवाजाचा दर्जा तपासण्यासाठी मी लाईनवर राहिलो. मैना रडत होती. जागेश्वर दुकानातून आला की तिच्याशी बोलत नाही, वगैरे. दर्जा उत्तम, हुंदकासुद्धा ऐकू येत होता. सौ. काही तरी भलतंच सांगत होती, म्हणून मी मध्ये पडून योग्य सल्ला दिला. दोघींनी फोन ठेवले. पटलं असावं.

संध्याकाळी जागेश्वरलाही समजावलं. त्यानं विचारलं, "दादा, तुले कोणं सांगतलं हे?" मी म्हटलं, सिस्टिम आहे.

२० नोव्हेंबर, रविवार

दुपारी झोपलो होतो. उठलो तर ओमप्रकाश थैली घेऊन बाबांच्या खोलीतून निघताना दिसला. "सफाई केली, साहेब," म्हणाला. न बोलावता आला. माझ्याबद्दल लोकांच्या मनात आदर आहे.

२१ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

घरचं निवेदन सुरू केलं. अर्ध्यातच शंका आली. फारच शांत. स्टेशन एकला विचारलं, ऐकू येतं का? उत्तर नाही. दोन नाही. तीन नाही.

सेट बंद.

२१ नोव्हेंबर. दुपारी ३.४०

विचित्र प्रकार. स्वयंपाकघरात बझर वाजला. मी वाजवला नव्हता. सौ.नं उचलला आणि बोलली! "हो मामाजी, भाकर टाकून राहिली, आणते." म्हणजे तीनवरून एकवर बोलणं झालं. माझ्यामार्फत नाही. मी मेन सेट कानाला लावला. काही नाही.

तिन्ही स्टेशनं आपसात बोलतात. फक्त केंद्राला कोणी ऐकत नाही. असा बिघाड मी एकोणतीस वर्षांत पाहिला नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार

उंदीर.

३ डिसेंबर, शनिवार

उंदीर नव्हते. पिंजऱ्यात तीन दिवसांत फक्त मैनाची छोटी कात्री सापडली, तीही मीच वायर कापायला घेतली होती आणि तिथे विसरलो होतो.

थंडी हे कारण असावं. थंडीत तांबं आकसतं. मेन सेटला मफलर गुंडाळला. सौ.नं पाहिलं, काही बोलली नाही. तिचा विरोध मावळत चालला आहे.

११ डिसेंबर, रविवार

अर्थिंग. हेच होतं. लहान पोरालाही कळावं. अंगणात चार फूट खड्डा खोदून मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी घातली. तीन फुटांवर नळाची पाईप लागली. पहारीनं फुटली. दोन दिवस घरात पाणी नाही. मैना शेजारून पाण्याचा गुंड भरून आणते. तिच्या चेहऱ्यावर जो भाव असतो त्याला मी काळजी समजतो.

आज सौ. म्हणाली, "अहो, एवढं काही सांगाचंच आहे मामाजींले तर जाऊन बोला न. अंगणाच्या तिकडं तर आहे खोली."

तिला शांतपणे सांगितलं. मी पायी जाऊन बोललो तर त्याचा अर्थ असा होतो की माझाच माझ्या सिस्टिमवर विश्वास नाही. आधी लाईन. मग बोलणं.

ती म्हणाली, "दिवाळीपासून गेले नाही तुम्ही तिकडं." दिवाळीपासून नाही. उद्घाटनापासून. पण दुरुस्त केलं नाही, वाद नको.

२५ डिसेंबर, रविवार

संकल्प: ३१ तारखेच्या आत दोष शोधणार.

१ जानेवारी १९८४, रविवार

संकल्प: संक्रांतीच्या आत दोष शोधणार. घाईनं केलेलं टेस्टिंग टेस्टिंग नसतं.

ओमप्रकाशला बोलावलं होतं. आला, मेन सेट उघडला, खूप वेळ आत पाहत राहिला. मग म्हणाला, "साहेब, राहू द्या न. घर तर चालून राहिलं." कारागीर माणूस. त्याची समज तेवढीच.

८ जानेवारी, रविवार

घरात हसण्याचे आवाज येतात. सौ. आणि मैना फोनवर हसतात. परवा बाबा हसले. भिंतीपलीकडून, अंगणापलीकडून ऐकू आलं. बाबांना हसताना मी शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही. म्हणजे स्टेशन तीनचा रिसीव्हर चांगला आहे. नोंद केली.

त्यांना इतक्या दिवसांत पेपर वाचून दाखवला नाही याचं वाईट वाटतं. १९६४ अर्धवट राहिलं आहे. त्यांना चुटपुट लागली असेल.

१७ जानेवारी, मंगळवार. दुपारी २.००

सापडलं! एलिमिनेटर!

सकाळी दहाला टेबलाखालचा डबा काढला, पिशवीत घातला आणि सीताबर्डीला टेस्टिंगला नेला. तिथे दुकानदारानं मीटर लावून सांगितलं, डबा एकदम ठीक आहे. वाटेत आमच्या ऑफिसातले गणपतराव भेटले, चहा झाला, दुसरा झाला. बोलता बोलता डोक्यात प्रकाश पडला. डबा ठीक आहे आणि स्टेशनं बोलतात, म्हणजे ती आजही माझ्याच डब्याच्या करंटवर बोलतात! केंद्र मेलेलं नाही. केंद्राशिवाय एक शब्द जाऊ शकत नाही. गणपतरावांना पटवून सांगायला अर्धा तास लागला, पण पटलं.

आता घरी आलो तर घरात कोणी नाही. दारं उघडी. डबा लावून तिन्ही स्टेशनांना बझर दिला. उत्तर नाही. लिहून होईपर्यंत येतील.

१७ जानेवारी. सायंकाळी ६.४५

शेजारच्या शोभाताईंनी सांगितलं. बाबांना दवाखान्यात नेलं.

साडेदहाच्या सुमारास त्यांना छातीत घाबरं वाटलं. फोन उचलला. फोन मुका. त्यांनी बरेचदा बटण दाबलं म्हणे. मग टिनावर ठोकायला हात टाकला, तर तिथे काही नव्हतं. मग दारापर्यंत जायला उठले आणि पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडले. हाक मारली असेल. स्वयंपाकघरात सौ. मिरच्या कुटत होती. काही लागलं तर मामाजी फोन करतीलच, असं तिच्या मनात. एक वाजता मैना ताट घेऊन गेली तेव्हा दिसले. खुब्याचं हाड मोडलं.

अडीच तास.

माझ्या गैरहजेरीत घरावर हे संकट आलं, याचं दुःख आहे. तरी टेक्निकली एक गोष्ट सिद्ध झाली. डबा काढला की सगळं बंद पडतं.

१९ जानेवारी, गुरुवार

दवाखान्यात गेलो. बाबा झोपले होते. बाजूच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, आत्ता तर बोलून राहिले होते. आजारात झोप अशी अचानक लागते.

व्हरांड्यात जागेश्वर आणि सौ. होते. जागेश्वरचे डोळे लाल. तो म्हणाला, "दादा, तुही लाईन खराब नव्हती झाली. आम्हीच तोडली होती. ओमप्रकाशले बोलावून. आम्हाले आपसात बोलाचं होतं, तुले ऐकाचं नव्हतं. बस. आणि तू दोन महिने त्याच्याच मागं लागला, आणि आज बाबा…"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संकटात माणूस स्वतःवर दोष घेतो. जागेश्वरचं मन लहानपणापासून हळवं.

विचारलं, ही कल्पना पहिल्यांदा कोणाची? सौ.नं पदराला गाठ मारली, सोडली, मारली. मी जास्त ताणलं नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

पुन्हा गेलो. पुन्हा झोपले होते. पापण्या हलत होत्या. स्वप्न पडत असावं. मी थोडा वेळ दवाखान्याच्या वायरिंगची पाहणी केली आणि आलो.

९ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा घरी. आता पलंगावरून उठणं नाही. डॉक्टरांनी जागेश्वरला बाजूला घेऊन काही सांगितलं. मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मोठ्या भावाला त्रास नको असा त्याचा हेतू.

घरात काही बदल झाले. जागेश्वरनं माझ्या कपाटाचं कुलूप तोडून धोटा बाबांना नेऊन दिला. एलिमिनेटरचा डबा सौ.नं उचलून स्वयंपाकघरात नेला, डाळीच्या डब्याशेजारी. बटणं, बझर, सगळं तिकडून. मेन सेट माझ्या टेबलावरच आहे. त्याची वायर कापून, टोकाला टेप लावली आहे. टेप नीट लावली आहे. ओमप्रकाशचं काम.

याला मी पदावनती मानत नाही. केंद्र चालवणं वेगळं आणि सल्लागार असणं वेगळं. सल्लागाराला वायर लागत नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

कोणी सल्ला मागितला नाही. सिस्टिम चांगली बांधली की असं होतं.

४ मार्च, रविवार

दुपार फार लांब असते. मेन सेट कानाला लावून बसलो. सवय. सौ. झाडू मारताना मागे उभी राहिली. म्हणाली, "जा न एकदा. बोलू नका काही. नुसते जा."

नुसतं जाणं म्हणजे काय, कळलं नाही. माणूस काही कामानं जातो. विचार करतो.

११ मार्च, रविवार. दुपारी ४.००

ठरलं. स्टेशन नंबर तीनची प्रत्यक्ष तपासणी. हे सल्लागाराच्या कामात बसतं. थैलीत पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, थोडी वायर. जातो.

११ मार्च. सायंकाळी ५.३०

अठ्ठावीस पावलं आहेत. पूर्वी कधी मोजली नव्हती.

खोलीत उजेड कमी होता. बाबा इतके लहान झाले आहेत, हे मला कोणी सांगितलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा दिसत होता. मी दारात उभा होतो. त्यांनी थैलीतल्या सामानाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "ओमप्रकाश का गा? ये बेटा. बस."

मी सांगणार होतो. खरोखर सांगणार होतो.

ते म्हणाले, "केशवच्या बाजूनं चालू तर नाही न झालं?"

मी नाही म्हटलं.

"मंग ठीक आहे. पाहून घे तू आपलं."

मी खाली बसलो. सेटचा एक स्क्रू काढला. परत बसवायला वेळ लागला. बाबा वर पाहत बोलत होते. आमच्या वेळी त्यांना पाच मिनिटं होती. आज कोणी घड्याळ पाहत नव्हतं.

म्हणाले, "तुले मीच सांगतलं होतं न, त्याची लाईन काट म्हणून. मले वाटलं, फोन बंद पडला का पायी येईल. बोलंल दोन गोष्टी, बसंल. पंधरा-वीस दिवस वाट पाहिली मी. दाराकडं तोंड करून झोपो. नाही आला." पांघरूण चाचपून वर ओढलं. "मंग सवय झाली. मंग वाटलं, हेच बरं आहे. घर कसं चूप झालं. त्याले नको सांगू हं हे. वाईट वाटंल त्याले. मनाचा खराब नाही तो."

ओमप्रकाश जसा म्हणतो तसं म्हटलं, "जी, बाबाजी."

त्यांनी आवाज ओळखला नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माझा आवाज. दीड-दीड तास ऐकलेला.

त्यांनी पाणी मागितलं. पाजलं. ग्लास धरताना त्यांची बोटं माझ्या बोटांवर आली. "चांगला पोरगा आहेस," म्हणाले. "इकडून गेला का येत जा असाच." मग चाचपत फोन उचलला, बटण दाबलं आणि म्हणाले, "पुष्पा वं, ओमप्रकाश आला आहे. चहा पाठव त्याले."

आवाज अगदी स्वच्छ होता. लाईनमध्ये काही दोष नाही.

सौ. चहा घेऊन आली. दारात थांबली. जमिनीवर बसलेला मी, मांडीवर थैली, हातात स्क्रू ड्रायव्हर. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा म्हणाले, "दिला का वं त्याले?"

तिनं कप माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "हो मामाजी, दिला. घे ओमप्रकाश."

घेतला. साखर जास्त होती. ओमप्रकाशला तशी लागत असावी.